गॅस लाइनमधला ओलावा मोजणारा सेन्सर: बसवताना आणि वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्रेस्ड एअर असो, नायट्रोजन असो, हायड्रोजन असो की नैसर्गिक वायू, ड्यू पॉइंट सेन्सर बसवला की पहिल्या आठ-पंधरा दिवसांत जे प्रश्न येतात ते जवळपास ठरलेले असतात. मी हे सेन्सर बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम बरीच वर्षं करतोय आणि जवळजवळ प्रत्येक तक्रार "सेन्सर खराब आहे" याच वाक्यापासून सुरू होते. बहुतेक वेळा सेन्सर बरोबर असतो, त्याच्यापर्यंत जो गॅस पोचतोय तोच ट्यूबमध्ये, फिटिंगमध्ये कुठेतरी ओला झालेला असतो. म्हणून खाली सेन्सरपेक्षा ट्यूब आणि जोडांबद्दलच जास्त लिहिलंय.

ड्यू पॉइंट म्हणजे नक्की काय? उणे ४० हाच आकडा सगळीकडे का दिसतो?

गॅस थंड करत नेला की एका तापमानाला त्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तो दवबिंदू म्हणजे ड्यू पॉइंट. शून्याच्या खाली पाण्याऐवजी सरळ बर्फ जमतो म्हणून खरं तर त्याला फ्रॉस्ट पॉइंट म्हणायला हवं, पण प्लांटवर सगळे ड्यू पॉइंटच म्हणतात. उणे ४० दिसतो तो आयएसओ ८५७३-१ या कॉम्प्रेस्ड एअरच्या स्टँडर्डमुळे: त्यात ओलाव्याचे वर्ग आहेत, वर्ग १ म्हणजे उणे ७० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, वर्ग २ उणे ४०, वर्ग ३ उणे २०, वर्ग ४ अधिक ३. डेसिकंट ड्रायर (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांनी हवा कोरडी करणारे) बहुतेक वर्ग २ साठी घेतले जातात, आणि रेफ्रिजरेशन ड्रायर (हवा थंड करून पाणी काढणारा) अधिक ३ च्या आसपासच थांबतो कारण त्याखाली गेलं तर आतच बर्फ होईल. रेफ्रिजरेशन ड्रायर लावून उणे ४० ची अपेक्षा करणारे लोक मला दर वर्षी भेटतात, तिथे सेन्सर बदलून काहीच होणार नाही.

रीडिंग अंशात बघू की पीपीएममध्ये?

ड्रायर बघायचा असेल तर अंश, प्रोसेस गॅसची शुद्धता बघायची असेल तर पीपीएम (गॅसच्या दहा लाख भागांत वाफेचे किती भाग). पण दोन्हीमधलं नातं एकदा डोक्यात बसवून घ्या, नाहीतर फसगत होते. वातावरणाच्या दाबाला उणे २० म्हणजे साधारण १,०२० पीपीएम, उणे ४० म्हणजे १२७, उणे ६० म्हणजे जवळपास ११ आणि उणे ८० म्हणजे अर्धा पीपीएम. अंशांत दर वेळी सारखेच वीस उतरलो पण पाणी दर वेळी आठ ते वीस पटीने कमी झालं. म्हणून "उणे ६० ऐवजी उणे ५० आलं, दहाच अंशांचा फरक आहे" असं कोणी म्हटलं की मी त्याला पीपीएम काढायला लावतो, ११ चे ३९ झालेले असतात. फ्युएल सेलच्या गाड्यांसाठीच्या हायड्रोजनमध्ये आयएसओ १४६८७ नुसार पाणी ५ पीपीएमच्या वर चालत नाही, आणि युरोपियन फार्माकोपियात मेडिकल एअरसाठी ६७ पीपीएमची मर्यादा आहे, अशा ठिकाणी नुसत्या अंशावर बोलून भागत नाही.

प्रेशर ड्यू पॉइंट आणि वातावरणाच्या दाबाचा ड्यू पॉइंट, यात एवढा घोळ का होतो?

कारण एकाच गॅसचे दोन वेगळे आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात. दाब वाढवला की वाफेचा आंशिक दाबही (एकूण दाबातला वाफेचा वाटा) त्याच पटीने वाढतो, म्हणजे ड्यू पॉइंट वर येतो. ७ बार गेजच्या (वातावरणाच्या दाबापेक्षा ७ बार जास्त) लाइनमध्ये उणे ४० असेल तर तोच गॅस बाहेर सोडून मोजला की साधारण उणे ५७ दाखवेल. अधिक ३ वाली हवा बाहेर सोडून मोजली तर उणे २१ च्या आसपास. आता समजा सप्लायरने उणे ५७ सांगितलं, तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये उणे ४० आहे आणि दोघांनीही दाब लिहिलेला नाही, मग तुम्हाला वाटणार मस्त, सतरा अंश जास्तीचे मिळाले, आणि प्रत्यक्षात मिळालेलं काहीच नसतं. रजिस्टरमध्ये रीडिंगच्या शेजारी दाब लिहा. रोज लिहा.

सॅम्पल सिस्टिममध्ये (लाइनमधला थोडा गॅस सेन्सरपर्यंत आणणाऱ्या ट्यूब-वॉल्व्हच्या जोडणीत) हे एका वॉल्व्हवर ठरतं: फ्लो कमी करणारा नीडल वॉल्व्ह सेन्सरच्या पुढे, म्हणजे बाहेर जाण्याच्या बाजूला लावला तर सेन्सर लाइनच्या दाबावर बसतो आणि प्रेशर ड्यू पॉइंट दाखवतो. तोच वॉल्व्ह सेन्सरच्या आधी लावला तर सेन्सर वातावरणाच्या दाबावर. दोन्ही पद्धती चालतात, फक्त कुठली केलीय ते माहीत पाहिजे. कमी दाबावर रीडिंग लवकर स्थिर होतं, म्हणून खूप कोरडा गॅस असेल तर मी दुसरी पद्धत घेतो.

कुठल्या प्रकारचा सेन्सर घ्यावा?

ड्रायरवर लक्ष ठेवायचं असेल आणि उणे ४०-५० च्या खाली जायचं नसेल तर पॉलिमर कपॅसिटिव्ह (ओलावा शोषला की ज्याचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युत धारकता बदलते तो) पुरतो, दणकट असतो, चुकून पाणी लागलं तरी बहुतेक वेळा वाचतो. उणे ८०-१०० पर्यंत जायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिरॅमिक पद्धतीचा, त्यात सच्छिद्र ऑक्साइडच्या थरावर सोन्याचा इतका पातळ थर असतो की त्यातून पाण्याचे रेणू आत जातात आणि कपॅसिटन्स बदलतो. याचं रीडिंग काळाबरोबर सरकतं म्हणून वेळच्या वेळी कॅलिब्रेशन लागतंच. नैसर्गिक वायूच्या मोठ्या लाइनवर लेझरवाले अ‍ॅनालायझर असतात, लेझर गॅसला हात लावत नाही म्हणून ग्लायकॉल (गॅस कोरडा करायला वापरतात ते द्रव) आणि तेलाचा त्रास कमी. चिल्ड मिरर हा सगळ्यात विश्वासाचा, आरशावर खरंच दव जमवून त्याचं तापमान मोजतो, पण तो लॅबमध्ये किंवा तुलनेसाठी. धुळीच्या लाइनवर आरसा लावून ठेवण्यात अर्थ नाही.

टॅपिंग (सॅम्पल काढायचं तोंड) पाइपच्या कुठल्या बाजूने घ्यायचं?

वरून. किंवा बाजूने, पण खालून कधीच नाही, खाली पाणी, तेल, गंज सगळं साचतं. मोठ्या व्यासाच्या पाइपमध्ये प्रोब आत घालून मधल्या भागातला गॅस घ्या. आणि बंद टोकाच्या फांदीवर सेन्सर लावू नका, तिथला गॅस हलतच नाही, तो जुनाच गॅस मोजत बसतो.

ट्यूब कुठली वापरू? हातात प्लॅस्टिकची आहे, चालेल का?

नाही चालणार. इथे मी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ मी याच कारणाने वाया गेलेला पाहिलाय.

एका प्लांटवर नायट्रोजन जनरेटरच्या आउटलेटला उणे ६० यायला हवं होतं आणि दाखवत होतं उणे २८. त्यांनी सेन्सर बदलला, परत उणे २८-३०. ड्रायरचं डेसिकंट बदलायची ऑर्डर द्यायच्या बेतात होते. मी गेलो तेव्हा टॅपिंगपासून सेन्सरच्या ब्लॉकपर्यंत तीनेक मीटरची निळी नायलॉन ट्यूब होती, न्यूमॅटिक सिलिंडरला लावतात ती, पाइपाला टायने छान बांधून आणलेली. ती काढली, ३१६एल ग्रेडची ६ मिलिमीटरची स्टेनलेस ट्यूब लावली, रात्रभर फ्लो चालू ठेवला. सकाळी उणे ६१. डेसिकंटला काही झालेलं नव्हतं, दोन्ही सेन्सर चांगले होते, हवेतला ओलावा नायलॉनच्या भिंतीतून झिरपून आत जात होता.

रबर आणि नायलॉन सगळ्यात वाईट, पीटीएफई त्यापेक्षा बरी पण तीही ओलावा आत सोडते, त्यामुळे तात्पुरत्या तपासणीला छोटा तुकडा ठीक, कायमसाठी नाही. स्टेनलेसच घ्या, आतून गुळगुळीत, शक्यतो इलेक्ट्रोपॉलिश केलेली, जितकी आखूड तितकी चांगली. कापल्यावर बर (कडेला राहिलेली धातूची धार) काढा आणि आत कटिंग ऑइल राहू देऊ नका. फिटिंग डबल फेरूलची (ट्यूबवर दोन कड्या आवळून बसणारी), हाताने घट्ट केल्यावर ६ मिलिमीटरला सव्वा फेरा पान्याने, बस. सॅम्पलच्या वाटेवर फिटिंगच्या आट्यांना (थ्रेडला) टेफ्लॉन टेप गुंडाळून काम भागवू नका, सेन्सरबरोबर बॉण्डेड सील (रबर चिकटवलेली धातूची चकती) येतं तेच वापरा.

लाइनमध्ये ७ बार दाब आहे, गॅस बाहेर येईल, बाहेरचा ओलावा आत कसा जाईल?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण पहिल्यांदा ऐकल्यावर कोणालाच पटत नाही. प्रत्येक वायू स्वतःच्या आंशिक दाबाकडे बघून सरकतो, एकूण दाबाकडे नाही. खोलीत २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या हवेत पाण्याच्या वाफेचा दाब जवळपास १६ मिलिबार असतो. आत, ७ बारच्या लाइनमध्ये उणे ४० ला, वाफेचा दाब ०.१३ मिलिबार. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सव्वाशे पट जास्त आहे! नायट्रोजन बाहेर निसटतोय हे खरं, पण सूक्ष्म फटीतून, सीलमधून, प्लॅस्टिकच्या भिंतीतून पाणी त्याच्या उलट दिशेने आत शिरतं.

म्हणून लीक टेस्ट करताना "गॅस जातोय किती थोडा" असा विचार करू नका. साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोडावर अर्धा मिनिट डोळे लावून बसा, बारीक फेसासारखा पुंजका जमत असेल तरी तो जोड परत करा.

बसवायचा क्रम काय?

आधी सॅम्पल लाइन पूर्ण जोडा, सेन्सर सोडून. मग गॅस सोडून पंधरा-वीस मिनिटं जोरात फुंकून काढा म्हणजे ट्यूबमधली धूळ, चुरा आणि पाण्याचा पहिला मोठा हिस्सा निघून जाईल. त्यानंतर दाब सोडा, सेन्सर पॅकिंगमधून काढा. त्याच्या टोकाला डेसिकंट असलेली टोपी असते, ती शेवटच्या मिनिटापर्यंत काढायची नाही आणि काढल्यावर फेकायची नाही, कॅलिब्रेशनला पाठवताना लागते. पुढच्या जाळीदार गार्डला बोट लावू नका. सेन्सर घट्ट करताना पाना षटकोनी भागावर लावायचा, बॉडी पकडून पिळायची नाही. मग वॉल्व्ह हळू उघडायचा, अगदी हळू, एकदम दाब आला तर आतला नाजूक थर आणि गार्ड दोन्हींना धक्का बसतो. लीक टेस्ट, मग फ्लो सेट, मग पॉवर.

बसवून दोन तास झाले, अजून उणे २५ दाखवतोय. खराब आहे का?

नाही हो, थांबा. धातूच्या आतल्या पृष्ठभागाला पाण्याचे रेणू चिकटून बसलेले असतात आणि ते हळूहळू सुटतात. कोरड्याकडून ओल्याकडे जाताना सेन्सर पटकन प्रतिसाद देतो, ओल्याकडून कोरड्याकडे जाताना वेळ घेतो. उणे ४० पर्यंत बहुतेक वेळा तासाभरात पोचतं, उणे ७०-८० साठी एक रात्र, कधी एक-दोन दिवस. रीडिंग थांबलंय की अजून खाली सरकतंय हे बघा, दर अर्ध्या तासाला लिहून ठेवा. सरकत असेल तर काहीच करू नका. लोक या टप्प्यावर जोड सोडून बघतात, बाहेरची हवा आत जाते आणि घड्याळ परत शून्यावर.

फ्लो किती ठेवायचा?

बहुतेक ट्रान्समीटरना (रीडिंग करंटच्या रूपात पाठवणाऱ्या सेन्सरना) मिनिटाला १ ते ५ लिटर, मी २-३ वर ठेवतो. सेन्सर फ्लो मोजत नाही त्यामुळे सिद्धांताने फरक पडायला नको, आणि म्हणूनच फ्लो हे दोष शोधायचं उत्तम हत्यार आहे. फ्लो दुप्पट करा आणि तासभर बघा. रीडिंग जागचं हललं नाही तर सेन्सरला खरा प्रोसेस गॅस मिळतोय. रीडिंग बऱ्यापैकी कोरडं झालं तर वाटेत कुठून तरी ठरावीक पाणी येतंय, लीक असेल किंवा ट्यूब अजून ओली असेल, कारण तेवढंच पाणी आता दुप्पट गॅसमध्ये वाटलं गेलं. पाचच मिनिटांचं काम आणि एक तास वाट बघणं, पण सेन्सरला दोष देण्याआधी हे करायलाच हवं.

आउटलेटला नुसतं उघडं तोंड ठेवू नका. मीटर-दोन मीटर ट्यूब गुंडाळून लावा, नाहीतर बाहेरचा ओलावा उलटा आत येतो, कमी फ्लोला तर नक्कीच.

रीडिंग सकाळी चांगलं, दुपारी वाढतं, रात्री परत चांगलं. ड्रायरमध्ये प्रॉब्लेम आहे का?

ट्यूबवर ऊन पडतंय का ते आधी बघा. ट्यूब तापली की भिंतीला चिकटलेलं पाणी सुटतं, गार झाली की परत चिकटतं, त्यामुळे आलेख सूर्याबरोबर वरखाली होतो. सावली करा, इन्सुलेशन करा, जमलं तर ट्यूबला एकसारखं तापमान देणारं हीट ट्रेसिंग. उलट बाजूही लक्षात ठेवा: ट्यूबमधली सगळ्यात थंड जागा गॅसच्या ड्यू पॉइंटपेक्षा निदान दहा अंश गरम हवी, नाहीतर पाणी तिथेच जमेल आणि सेन्सरपर्यंत पोचणारच नाही. नैसर्गिक वायूचा दाब कमी करताना दर बारमागे साधारण अर्धा अंश तापमान पडतं, ५० बार उतरवले तर रेग्युलेटर बर्फासारखा गार होतो, तिथे हीटर लागतो.

रीडिंग दर पाच-दहा मिनिटांनी उडी मारत असेल तर मात्र ते ऊन नाही. ते डेसिकंट ड्रायरच्या टॉवरचं चेंजओव्हर (एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाणं) आहे, छोटी उडी स्वाभाविक, रोज थोडी मोठी होत गेली तर एका टॉवरचं रिजनरेशन (डेसिकंट परत कोरडं करणं) नीट होत नाहीये.

४-२० मिलिअँपचं स्केलिंग कसं करू?

ट्रान्समीटरची रेंज उणे १०० ते अधिक २० असेल तर ४ मिलिअँप म्हणजे उणे १००, २० मिलिअँप म्हणजे अधिक २०, आणि मधला १२ मिलिअँप बरोबर उणे ४०. करंटमधून ४ वजा करा, १६ ने भागा, १२० ने गुणा, १०० वजा करा. पीएलसीमध्ये (प्लांटच्या कंट्रोल कॉम्प्युटरमध्ये) चुकून उणे ८० ते अधिक २० टाकलं तर १२ मिलिअँपला स्क्रीनवर उणे ३० दिसेल आणि सगळे ड्रायर उघडायला धावतील. म्हणून सुरुवातीलाच मल्टिमीटर लूपमध्ये (करंटच्या सर्किटमध्ये) सिरीजला लावून करंट आणि स्क्रीनवरचा आकडा जुळवून घ्या. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. स्फोटक वायूच्या भागात लूप बॅरियर किंवा गॅल्व्हानिक आयसोलेटरमधूनच (ठिणगी पडणार नाही इतकीच वीज पुढे जाऊ देणाऱ्या उपकरणातूनच) न्यायची आणि सेन्सरवरचं सर्टिफिकेट त्या झोनचं आहे का ते बघायचं, यात तडजोड नाही.

अलार्म कितीवर?

उणे ४० च्या लाइनला मी पहिला इशारा उणे ३८ वर, दुसरा उणे ३० वर ठेवतो, पंधरा मिनिटांचा विलंब देऊन, म्हणजे टॉवर चेंजओव्हरच्या उड्यांनी भोंगा वाजत नाही. भोंगा रोज उगाच वाजला की आठवड्याभरात कोणीतरी तो बंद करतं.

दोन सेन्सर एकाच लाइनवर, एक उणे ५८ आणि दुसरा उणे ६१. खरा कोण?

दोन्ही. बहुतेक ट्रान्समीटरची अचूकता अधिक-उणे २ अंश असते, म्हणजे दोघांत ४ अंशांपर्यंत फरक पडला तरी दोघंही आपापल्या हद्दीत आहेत. फक्त उणे ६० ला हे २ अंश म्हणजे पीपीएममध्ये पंचवीस-तीस टक्के होतात, तेवढी अचूकता पुरत नसेल तर मुळातच वेगळं उपकरण घ्यायला हवं होतं. तुलना करायची तर एकाच टॅपिंगवर, एकाच दाबाला, आणि दोघांना स्थिर व्हायला पुरेसा वेळ देऊन.

कॅलिब्रेशन किती दिवसांनी? जागेवर करता येतं का?

वर्षातून एकदा, राष्ट्रीय मानकाशी साखळी जोडलेल्या लॅबमधून. उणे ६० चा गॅस जागेवर तयार करणं सोपं नाही त्यामुळे जागेवर फक्त तुलना होते, कॅलिब्रेशन नाही. एक सेन्सर जादा ठेवा आणि आलटून पालटून पाठवा. सेन्सरवर फुंकर मारून "चालतोय" म्हणणारे खूप आहेत, कृपा करून हे करू नका, श्वासातलं पाणी त्यात भरलं की परत कोरडा व्हायला कित्येक तास.

लाइनमध्ये तेल किंवा ग्लायकॉल आहे, अमोनिया आहे.

तेलाचा थर बसला की सेन्सर मरत नाही, सुस्त होतो, आणि सुस्त सेन्सर जास्त धोकादायक कारण आलेख छान सपाट दिसतो. आधी कोएलेसिंग फिल्टर (तेल-पाण्याचे बारीक थेंब एकत्र करून वेगळे काढणारा) लावा, त्याचा ड्रेन चालू ठेवा. कापडाने पुसायचा प्रयत्न नको, पाठवून द्या. अमोनिया, क्लोरीन, हायड्रोजन क्लोराइड असेल तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड लावूच नका.

ऑक्सिजन लाइनवर वेगळं काही?

हो, आणि इथे घाई करायची नाही. सेन्सर आणि प्रत्येक फिटिंग ऑक्सिजनसाठी तेलमुक्त करून पाकीटबंद आलेली हवी, हातमोजे स्वच्छ, वॉल्व्ह सावकाश. वॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढचा गॅस दबून एकदम तापतो आणि तिथे तेलाचा नुसता डाग असला तरी पेट घेऊ शकतो. सील कुठल्या मटेरियलचं आहे तेही तपासा.

सॅम्पलचा नायट्रोजन तिथेच खोलीत सोडला तर? मिनिटाला दोनच लिटर आहे.

बंद छोट्या कॅबिनमध्ये दोन लिटर म्हणजे दिवसाला २,८८० लिटर. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखं वाटतही नाही, माणूस सरळ खाली पडतो. व्हेंट बाहेर काढा. ज्वलनशील गॅस असेल तर सुरक्षित उंचीवर, ठरलेल्या जागी. आणि व्हेंटच्या तोंडाशी मागून दाब येत नाही ना ते बघा, फ्लेअर लाइनला (नको असलेला गॅस जाळायला नेणाऱ्या पाइपला) जोडलं तर दाब वरखाली होतो आणि रीडिंगही त्याच्याबरोबर नाचतं.

डिस्प्ले एकाच आकड्यावर अडकलाय, काय समजू?

रेंजच्या वरच्या टोकाला, अधिक २० ला अडकला असेल तर आत खरंच पाणी शिरलंय किंवा सेन्सर शॉर्ट झालाय: गॅस बंद करा, सेन्सर काढा, गार्डवर थेंब दिसतात का बघा, ब्लॉकमधून पाणी ठिबकतं का बघा. पाणी असेल तर सेन्सर लगेच परत लावू नका, आधी फिल्टरचा ड्रेन का तुंबला ते शोधा. खालच्या टोकाला, उणे १०० ला अडकला असेल तर "वा, किती कोरडं" म्हणून खूश होऊ नका, आधी करंट मोजा. बरोबर ४ मिलिअँप असेल तर सेन्सरचा घटक तुटलेला असू शकतो. ३.६ किंवा त्याखाली असेल तर ट्रान्समीटर स्वतःच बिघाड सांगतोय. आणि शून्य असेल तर टर्मिनलचा स्क्रू ढिला आहे का, फ्यूज आहे का, पोलॅरिटी उलटी झालीय का ते बघा, टू वायर लूपमध्ये हे पाच मिनिटांत सापडतं.